वर्धेच्या अलीकडचा दलाल

कापसाच्या तेजीच्या दिवसांत सरकारने मला फसवलं. अमरावतीच्या बाजारात मी माझ्या अकलेवर उभा केलेला धंदा सरकारने एका हुकमाने काढून घेतला, आणि परत देताना तो माझाच होता हे कबूल न करता मेहेरबानी म्हणून दिला. लोक म्हणतात, परत मिळाला ना, मग आता कशाला उकरून काढता? ज्याने आयुष्यात कधी सौदा केला नाही तोच असं म्हणू शकतो. आपलीच वस्तू दुसऱ्याच्या हातून दान म्हणून घेतली की ती पुन्हा आपली राहत नाही, हे भाजीवालीलाही कळतं.

भाजीवालीचं नाव उगाच घेतलं नाही. आम्ही माळी. भातकुलीच्या बाजूला आमची विहिरीखालची बारकी जमीन होती. वांगी, मेथी, कांदे, आणि दसऱ्याच्या सुमाराला झेंडू. आई टोपलं डोक्यावर घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायची आणि तिच्या शेजारी बसून मी भाव करायला शिकलो. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की ते खरंच निघालं आहे की नुसतं दाखवतं आहे, हे त्याच्या टाचांवरून ओळखायचं. तिला टाचा कळत होत्या. मला पुढे बोटं कळू लागली.

त्या वर्षांत समुद्रापलीकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून विलायतेची नजर वऱ्हाडावर पडली. ज्यांनी कधी अमरावती पाहिली नव्हती असे कास्तकार गाड्या जुंपून बाजारात येऊ लागले. बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या आल्या, ज्वारीच्या रानात कापूस शिरला, आणि भाव सकाळी एक तर दुपारी दुसरा असा धावू लागला.

कापसाचा भाव तोंडाने करत नाहीत. घेणाऱ्याचा दलाल आणि विकणाऱ्याचा दलाल समोरासमोर बसतात, हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव सांगतात. वर मात्र दोघेही पावसापाण्याच्या गप्पा मारत असतात. मी विकणाऱ्यांकडून बसत असे. समोरच्याला माल हवाच असला की त्याचं बोट आधी ओलं होतं आणि मग घट्ट होतं. तोंडाने तो खुशाल जांभया देवो, बोट खोटं बोलत नाही. शिवाय मी एक वाईट खोड लावून घेतली होती. सौदा पटला की रुमाल उचलायचा आणि कास्तकाराला भाव सगळ्यांसमक्ष मोठ्याने सांगायचा. बाकीचे दलाल तो कानात सांगत, आणि कानात सांगताना तो थोडा झिजत असे. म्हणून गाड्या माझ्याकडे वळू लागल्या, आणि म्हणूनच माझ्यावर दात धरला गेला.

मग दवंडी फिरली. कापसात पाणी शिंपडतात, सरकी आणि माती मिसळतात, अशा तक्रारी विलायतेहून आल्या होत्या. तक्रार खरी होती, मी नाही म्हणत नाही. तिच्यावर उपाय असा निघाला की ज्यांच्या बापाने आणि आजाने दलाली केली असेल त्यांनीच यापुढे बाजारात बसावं. खानदानी माणूस लबाडी करत नाही, असा त्या हुकमाचा हिशेब. बाजारातला सगळ्यात ओला कापूस कोणाच्या ओसरीवरून निघत होता हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. हुकूम काढणाऱ्याने बाजारात विचारलं नव्हतं.

मी लिंबाखाली बसलो होतो. माझ्या शेजारी एक मोमीन बसत असे, विणकराचा मुलगा, माझ्यासारखाच नवा. पट्टेवाला आला.

"भाऊ, रुमाल दे."

"काहून?"

"हुकूम हाय. तुह्या बापानं दलाली केली का?"

"माह्या बापानं वांगे पिकवले. तुह्या बापानं पट्टा बांधला होता का?"

लोक हसले. पट्टेवाल्याचा बाप कोतवाल होता, म्हणजे एका परीने त्याने बांधलाच होता. तोही हसला. पण रुमाल त्याने घेतलाच, माझा आणि मोमिनाचाही. मी त्याच्या अंगावर धावलो, तेव्हा मोमिनानेच मला कमरेत धरून मागे ओढलं. "राह्यू दे भाई," तो म्हणाला, "याच्या हातात काय हाय? हा बिचारा पट्टेवाल्याचा रुमालवाला झाला आता."

खानदानी दलालांमध्ये सगळ्यात मोठे होते त्यांना आम्ही शेटजी म्हणत असू. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून पान दिलं. ते माझ्या वाईटावर नव्हते. "देख भाऊ," ते म्हणाले, "तू माह्या नावाखाली बस. बोटं तुही, नाव माहं. हुकूमही राहते आन् तुही चूलही पेटते."

"म्हणजे माही बोटं तुमाले भाड्यानं देऊ?"

"अरे, सारा बाजारच भाड्यावर चालते. तुलेच एकट्याले मालकी काहून पायजे?"

पान खाऊन मी घरी आलो आणि घरच्यांवर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. तिथे मला कळलं की हुकूम काढणारा साहेब आणि हुकमाविरुद्ध दाद ऐकणारा साहेब एकच. सकाळी तो कलम घेऊन हुकूम काढतो आणि दुपारी त्याच खुर्चीवर बसून तो बरोबर आहे की नाही ते ठरवतो. आमच्याकडे कोणी अडत्या स्वतःच्या काट्यावर स्वतःची मापं लावून तोलू लागला, तर गरीब कास्तकारही म्हणतो, थांब, शेजारच्या दुकानातून माप आण आणि पडताळून दाखव. कचेरीत तसं म्हणायची सोय नव्हती. साहेबाने माझं ऐकलं, आणि स्वतः काढलेला हुकूम त्याला योग्य वाटला.

कचेरीबाहेर चिंचेखाली एक म्हातारे अर्ज लिहून देत. सगळे त्यांना पंत म्हणत. डोळे अधू, अक्षर मात्र मोत्यांची माळ. मी तिथे उभा राहून सगळ्यांच्या सात पिढ्या उद्धरत होतो. पंतांनी दौतीवर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "शिव्यांवर दाखल नंबर पडत नाही बाबा. खाली बस."

त्यांनी मला विचारलं, तू काय मागतोस? मी म्हणालो, माझा रुमाल. ते म्हणाले, तसं नव्हे, कशाच्या जोरावर मागतोस? मग त्यांनी सांगितलं. सत्तावनची बंडाळी शमल्यावर ते काही कामाने वर्धा नदी उतरून नागपुराकडे गेले होते. तिथे मैदानात, फौजेसमोर, राणीसरकारचा जाहीरनामा वाचला गेला. पंतांनी तो कान देऊन ऐकला. सगळ्या रयतेला कायद्याचा आसरा सारखा मिळेल, जातीधर्मावरून कोणाला डावललं जाणार नाही, असा त्यातला मजकूर त्यांच्या लक्षात राहिला होता.

"म्हणजे साहेबाच्या वर राणी," मी म्हणालो.

"साहेबाच्या हुकमाच्या वर राणीचा शब्द," पंत म्हणाले. "माणसाच्या वर माणूस असण्यात नवीन काही नाही. माणसाच्या हुकमाच्या वर शब्द आहे का, हे विचारायचं. अकोल्याला वरचे साहेब मुक्कामाला आहेत. तिथे अपील कर."

मला तेव्हा वाचता जेमतेम येत होतं. चांगलं वाचायला मी या प्रकरणानंतर रागाने शिकलो. पंतांनी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. सुरुवातीला मेहेरबान, शेवटी मेहेरबानी. ते मी ऐकलं, पण चिठ्ठीच्या डोक्यावरचं श्री जसं ऐकतो तसं. त्यात काही मागणं आहे हे कोणाच्या मनात येणार?

घरात सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती.

"अकोल्याले जाऊन काय करसान?"

"भांडीन."

"मंग इतं काय करून राह्यले होते इतके दिवस?"

तरी तिने फडक्यात भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा बांधून दिला. बैलांच्या दमणीत मी, पंत आणि मोमीन. मोमिनाने अर्ज केला नव्हता. तो म्हणाला, तुझा रुमाल सुटला की त्याच गाठीने माझाही सुटेल. मूर्तिजापुराच्या पुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि आमच्या गाडीवानाला रस्ता मिळेना तेव्हा मोमीन त्या गाडीवानांशी एवढं गोड बोलला की त्यांनी रस्ताही दिला आणि तंबाखूही. असा माणूस दलालीला नालायक ठरला होता, कारण त्याच्या आजाने माग चालवला.

अकोल्याचा साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान होता. उन्हाने नाक सोललेलं, मान लाल. मराठी पुस्तकातून शिकलेला, पण शिकलेला. त्याच्याजवळ पुण्याकडचा सरिश्तेदार, म्हणजे कचेरीचा वरचा कारकून, बसला होता. तो माझं मराठी साहेबाला मराठीतच समजावून सांगत होता.

"धंदा काय?" साहेबाने विचारलं.

"मी दलाली करून राह्यलो."

सरिश्तेदार म्हणाला, "हा म्हणतो की पूर्वी दलाली केली, आता राहिला."

"राह्यलो म्हंजे करतोच," मी ओरडलो. "धंदा राह्यला असता तं इतं कायले आलो असतो?"

साहेबाने हात वर केला. तो हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. त्याने लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. तेवढ्यावरून मला वाटलं, हा माणूस ऐकतो आहे. आणि तो खरोखर ऐकत होता. आजही मी त्याच्याबद्दल वाईट बोलू शकत नाही, हे माझं मोठं दुखणं आहे.

अमरावतीचा हुकूम त्याने आधी स्वतः वाचला. मग सरिश्तेदाराला विचारलं, "हा हुकूम कोणत्या कायद्याखाली काढला आहे?"

सरिश्तेदाराने कागद चाळले. "तसा उल्लेख नाही."

"उल्लेख नाही, की कायदा नाही?"

"शोधून कळवतो."

पंतांनी माझा हात दाबला. रुमालाखाली नव्हे, उघड्यावर. साहेब म्हणाला की हुकूम काढायला वरचा कायदा लागतो, कायद्याने दिलेल्या अधिकारापलीकडे हुकूम जाऊ शकत नाही, गेला तर तो हुकूमच नव्हे. मी आयुष्यात पुष्कळ गोड बोलणं ऐकलं आहे, पण यासारखं नाही.

मग मी जाहीरनामा काढला. साहेब खुर्चीत मागे टेकला.

"तो जाहीरनामा राणीसरकारच्या प्रजेस आहे," तो म्हणाला. "वऱ्हाड हा निजाम सरकारचा मुलूख आहे. आमच्याकडे तो अमानत म्हणून सोपवलेला आहे."

"मंग मी कोणाची प्रजा?"

"निजामाची."

"त्याहीच्याकडं दाद मागू?"

"नाही. कारभार आमच्याकडे आहे."

मला त्याच्या बोलण्यातला पेच कळला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यालाही कळला असावा. मी म्हणालो, "सायेब, गहाण गायीची धार कोन काढते ते मले दिसून राह्यलं. तिले चारा कोनं घालाचा तेवढं सांगा."

सरिश्तेदार हे भाषांतर करेना. साहेब म्हणाला, "समजलं." आणि खिडकीबाहेर मोर्णा नदीच्या कोरड्या पात्राकडे बघू लागला. पंत हळूच म्हणाले, जाहीरनामा नदीच्या पलीकडे वाचला होता, माझी चूक झाली. चूक त्यांची कशी? नदीच्या एका काठावर माणसाला जो आसरा मिळतो तो दुसऱ्या काठावर मिळत नाही, हे म्हाताऱ्याने कुठून ओळखावं? आमच्याकडची माणसं नदी लाकडाच्या डोणीतून पार करतात. डोणीत बसल्याने कोणी बदलत नाही.

शेवटी साहेबाने माझा अर्ज पुढे ओढला. "ज्या मुलखात कायदा स्पष्ट नाही, तिथे न्याय आणि सद्बुद्धी पाहून निवाडा करावा, अशी आम्हास आज्ञा आहे. याचं मागणं काय ते वाचा."

सरिश्तेदाराने शेवटची ओळ वाचली. मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन अर्जदारास बाजारात बसण्याची परवानगी देण्याची मेहेरबानी करावी.

साहेबाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. माल हवा असलेल्या माणसाचं बोट जसं ओळखू येतं, तसं ते ओळखू आलं. त्याला अमरावतीच्या साहेबाचा हुकूम मोडायचा नव्हता, आणि मला उपाशीही मारायचं नव्हतं. पंतांच्या त्या ओळीने त्याला मधली वाट दिली. "तू मेहेरबानी मागतोस," तो म्हणाला. "ती मी देतो. तू बाजारात बस."

"मी मेहेरबानी नाई मांगत. मले हक्क पायजे. हुकूम खोटा हाय म्हणून लिहा."

"अर्जात जे मागितलं नाही ते कोर्टास देता येत नाही."

"तो तं लिहायचा रिवाज हाय."

"मला रिवाज दिसत नाही. शब्द दिसतो."

मी मोमिनाकडे बोट केलं. "आन् हा?"

"त्याचा अर्ज आहे?"

अर्ज नव्हता. हुकूम तसाच राहिला, त्याच्या पोटात माझ्याएवढं एक भोक पाडून मला आत घेतलं. मोमीन परतीच्या वाटेवर एकदाही कडू बोलला नाही. "तू बस बाजारात," एवढंच म्हणाला. त्याने स्वतः अर्ज केला तेव्हा अमरावतीच्या कचेरीने तो वर पाठवलाच नाही, मेहेरबानी एकदाच होते असं सांगितलं. पुढे तो खामगावच्या वाटेवर भाड्याची गाडी हाकू लागला. त्याच्या बोटांत माझ्यापेक्षा बारीक समज होती.

मी परत लिंबाखाली बसलो. शेटजींनी पुन्हा पान दिलं. सगळ्यांनी शाबासकी दिली. घरी मी दोन दिवस धुसफुसत राहिलो, तेव्हा बायको म्हणाली, "बसाले तं भेटलं ना? मेहेरबानीनं काय, हक्कानं काय."

"फरक हाय."

"काय फरक हाय?"

मी तिला म्हणालो, तू उद्या भाजी घेऊन बसशील तेव्हा कोणाला विचारून बसशील? "आमी बाया कोणाले विचारत नाई," ती म्हणाली. "आमचं टोपलं, आमी बसतो." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हंजे तुमाले आता रोज विचारा लागन?"

रोज नाही. पण विचारावं लागलं. अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव आभाळातून पडला तसा पडला. अमरावतीला नवा साहेब आला. मंदीत बाजारात गर्दी कमी करावी असं त्याला कोणीतरी सुचवलं असेल. माझ्याबद्दलचा कागद त्याने पाहिला आणि विचारलं, ही परवानगी कशाची? कारकुनाने सांगितलं, मेहेरबानीची. मेहेरबानी देणारा बदली होऊन गेला होता. नव्या साहेबाने ती चालू ठेवली नाही. यात त्याने काही बेकायदा केलं असं मीही म्हणू शकलो नाही. हक्क काढून घ्यायला कारण लागतं, मेहेरबानी काढून घ्यायला नुसतं विसरलं तरी पुरतं.

मी तडक चिंचेखाली गेलो. पंतांना मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जन्मभर मी हेच लिहीत आलो," ते म्हणाले. "वरती मेहेरबान, खाली मेहेरबानी. मधे विधवेची जमीन असो, कोणाची विहीर असो, सगळ्यांचं त्यातच बसवलं. किती जणांचा हक्क मी भिकेत घालून आत पाठवला असेल?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते डोळे नेहमीच पाणावलेले असत, म्हणून मला नक्की सांगता येत नाही.

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि माझ्यासाठी दुसरा अर्ज लिहिला. वर मेहेरबान नाही, खाली मेहेरबानी नाही. अमुक हुकूम कायद्याशिवाय काढला आहे, सबब तो रद्द आहे असं ठरवून द्यावं, एवढंच. मी तो आत नेला. कारकुनाने पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"रीतसर नाही."

"काय कमी हाय?"

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी, हे कुठे आहे?"

"ते घातलं तं मेहेरबानी होते."

"ते घातलं नाही तर अर्ज होत नाही," कारकून म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. त्याला कामाची घाई होती.

मी पुढे दुसरा धंदा केला आणि तोही अकलेवर वाढवला. पोटाची तक्रार नाही. पंत वारले, शेटजी वारले, मोमीन कुठे आहे मला माहीत नाही. अमरावतीचा बाजार आता आगगाडीच्या शिट्टीवर चालतो, आणि तिथे कोणाच्या आजाने काय केलं हे विचारत नाहीत. हुकूम वापरातून गेला, पण तो चूक होता असं कोणी कधी ठरवलं नाही. म्हणजे उद्या कोणाला वाटलं तर तो तसाच्या तसा पुन्हा उचलता येईल, दुसऱ्या कोणाच्या मानेवर.

अकोल्याच्या कचेरीत साहेबाने विचारलेला प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला आहे. हा हुकूम कोणत्या कायद्याखाली काढला? आणि सरिश्तेदाराचं उत्तरही ऐकलं आहे, शोधून कळवतो. मला कोणी कळवलं नाही. त्या दोन खुर्च्यांवर आज जे बसले असतील त्यांनी मागचं दप्तर काढावं आणि शोधावं. कायदा सापडला तर मला दाखवावा. सापडला नाही, तर अमरावतीच्या बाजारात दवंडी पिटून सांगावं की तो नव्हता, आणि त्या मोमिनाला त्याच्या गाडीवरून उतरवून पुन्हा लिंबाखाली कोणी बसवायचं, ते नाव घेऊन सांगावं.